दादाची एक्सेल शीट आणि आमचं भंडारदरा

दादाने गेल्या रविवारी फॅमिली ग्रुपवर एक्सेल शीट टाकली, नाव "भंडारदरा फायनल", आणि ती उघडल्या उघडल्या मला कळलं की आता आमची जुंपणार. दीड दिवसात चौदा पॉइंट! प्रत्येकासमोर मिनिटं लिहिलेली, रंधा धबधबा वीस मिनिटं, अमृतेश्वर मंदिर पंचवीस मिनिटं, सांदण दरी एक तास, आणि शनिवारी पहाटे चारला कळसूबाई, त्यापुढे रिमार्क्सच्या रकान्यात "आई खाली गाडीत बसेल". आई ग्रुपवरचं सगळं चष्मा लावून वाचते, रिप्लाय मात्र कधीच देत नाही. तिने मलाच फोन केला आणि म्हणाली, "अगं, मी पहाटे चारला गाडीत बसायला चाललेय का भंडारदऱ्याला?"

झालं, प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलं.

माणसं किती आणि कोण ते आधी सांगते, कारण अर्ध्याअधिक गोष्टी त्यावरूनच ठरल्यात. आई, वय ६८, डावा गुडघा कुरकुरतो पण सपाटीवर माझ्यापेक्षा जास्त चालते, फक्त उतरताना धास्तावते. दादा, ज्याने यंदा बोनस आला की घेतोच म्हणत बोनसच्या आधीच कॅमेरा घेतलाय आणि त्याची मॅन्युअल पीडीएफ ऑफिसात वाचतो. वहिनी, जिला फक्त दोन दिवस कोणी "भाजी काय करायची" विचारू नये एवढंच हवंय. भाची मनू, अकरा वर्षांची, तिला सगळं आत्ताच्या आत्ता. आणि मी. नवऱ्याला सुट्टी नाही, तो घरी बसून आमचे फोटो लाइक करणार आहे. पाच जण, एक गाडी, डोंबिवलीहून निघणार, शुक्रवारी अकराला आणि रविवारी रात्रीपर्यंत परत.

आता कधी जायचं. पावसाळ्यात भंडारदरा सुंदर असतं हे मान्य, पण जुलैच्या एका रविवारी मी त्या रस्त्यावर अडीच तास एकाच झाडाखाली उभी होते, पुढे गाड्या मागे गाड्या आणि कुणाच्या तरी स्पीकरवर तेच ते गाणं, तेव्हापासून पावसाळी वीकएंडला मी लांबूनच हात जोडलेत. मे-जूनचे काजवेही तसेच, काजव्यांपेक्षा मोबाइलचे टॉर्च जास्त. माझ्या मते या भागात जायची खरी वेळ म्हणजे दसरा आणि दिवाळीच्या मधले आठवडे. पाऊस बहुतेक आटपलेला, धरण भरलेलं, डोंगर अजून हिरवे पण भात पिवळं पडायला लागलेलं, आणि उतारांवर खुरासणी फुललेली. शहरातल्या लोकांना ती सूर्यफुलाची पिल्लं वाटतात, दादाने मागे एकदा तिच्या फोटोखाली "वाइल्ड फ्लॉवर्स" लिहिलं होतं. ते तेलाचं पीक आहे रे बाबा, लोकांनी कष्ट करून पेरलेलं! तिची चटणी भाकरीसोबत मिळाली तर सोडू नका. सोनकीपण याच दिवसांत असते, तीही पिवळीच, त्यामुळे पिवळा रंग किती प्रकारचा असू शकतो ते तिथे कळतं.

तारीख मात्र मी चंद्र बघून काढली, आणि याचा मला जरा अभिमान आहे. दादाला आकाशगंगेचा फोटो हवा, आईला चांदणं हवं, म्हणजे एकाला अंधार आणि एकीला उजेड. कोजागिरीला गेलो असतो तर दादाचं काम झालं नसतं, अमावास्येला गेलो असतो तर आई म्हणाली असती इतक्या काळोखात कशाला आणलंत. म्हणून कोजागिरीनंतरचा तिसरा-चौथा दिवस धरला. तेव्हा चंद्र आठ-साडेआठला वर येतो आणि पूर्ण काळोख सव्वासातच्या सुमाराला होतो, म्हणजे मधला तासभर दादाचा. ऑक्टोबरात त्या वेळी आकाशगंगेचा जाड, धुरकट भाग नैर्ऋत्येला कलता असतो, फार वर नसतो, त्यामुळे खाली डोंगराची काळी कड घेऊन फोटो जमतो. नंतर चंद्र आला की आईची खुर्ची बाहेर. आणि यातला बोनस म्हणजे तोच चंद्र सकाळी उजाडताना पश्चिमेला, रतनगडाच्या बाजूला आकाशात असणार. ढग आले तर हे सगळं हिशेब वहीतच राहणार, ते वेगळं.

राहायचं कुठे यावर दोन दिवस गेले. भंडारदऱ्याला जायचं म्हटलं की लोक शेंडी गावात राहतात, बाजार, हॉटेलं, धरण सगळं तिथेच. किंवा पाण्याकाठी तंबू. तंबूचा अनुभव मी एकदा घेतलाय, फोटोत नुसता शांत तलाव आणि प्रत्यक्षात रात्री दीड वाजेपर्यंत ढँण ढँण, तंबूला तंबू चिकटलेले, शेजारच्या तंबूतला माणूस झोपेत कुशीवर वळला तरी कळत होतं. आईला घेऊन ते नाहीच. शेवटी रतनवाडीत एका घरी राहायचं ठरवलं, शेंडीपासून वीसेक किलोमीटर आत, दोन खोल्या, जेवण त्यांच्याच चुलीवरचं. फोनवर पहिला प्रश्न मी कमोड आहे का हा विचारला, याची लाज वाटून घेऊ नका, गुडघेवाल्या माणसासोबत जाताय तर व्ह्यूच्या आधी हे विचारायचं. आहे म्हणाले. "मॅडम, पण सकाळी गरम पाणी बादलीनेच मिळेल." चालेल की.

आणि रतनवाडीच का, तर उजेडासाठी. इथेच माझं आणि दादाचं खरं भांडण आहे. दादा नकाशा बघून प्लॅन करतो, या पॉइंटपासून तो पॉइंट सहा किलोमीटर, पंधरा मिनिटं, चला. मी म्हणते सूर्य बघून प्लॅन कर. डोंगरात फोटोचे तास दिवसाला चारच, उजाडल्यापासून दोन आणि मावळायच्या आधीचे दोन. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. मधे अकरा ते साडेतीनपर्यंत ऊन असं डोक्यावर बसतं की हिरवं पांढरट दिसतं, आकाश फिकट आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे. त्या वेळात चौदातले नऊ पॉइंट कोंबून काय मिळणार? "आम्ही इथे आलो होतो" एवढा पुरावा. त्यापेक्षा चार तासांत आपण कुठे उभे असलो पाहिजे ते ठरवायचं आणि उरलेल्या वेळात जेवायचं आणि झोपायचं.

धरणाचं पाणी शेंडीपासून पश्चिमेला रतनवाडी-घाटघरच्या दिशेने पसरलंय, उत्तरेला कळसूबाईची रांग आणि पश्चिमेच्या टोकाला रतनगड. म्हणजे सकाळचा सूर्य सरळ रतनगडाच्या तोंडावर येतो. रात्र गार असली आणि पाणी त्यामानाने ऊबदार, तर पहाटे पाण्यावर वाफ तरंगते, वारा पडलेला असतो, डोंगर पाण्यात उलटा जसाच्या तसा दिसतो. आठ-नऊला वारा सुटला की संपलं, आरशाचे तुकडे. शेंडीत राहून हे गाठायचं तर अंधारात उठून पाचजणांना तयार करून वीस किलोमीटर वळणं, आणि आमच्या घरात पाचजण तयार होणं म्हणजे लग्नघर. रतनवाडीत राहिलं की आई शाल गुंडाळून चहा पीत बसेल आणि मी कॅमेरा घेऊन पाचव्या मिनिटाला पाण्याशी.

शुक्रवारचा रस्ता तसा सरळ आहे. शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी, मग बारीवरून शेंडी. दादा म्हणतो समृद्धी महामार्गाने जाऊ, आमणे ते इगतपुरीचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून इगतपुरीजवळच्या त्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून सुळ्ळकन पलीकडे निघता येतं. मनूला बोगदा बघायचाय, म्हणून जाताना बोगदा आणि येताना कसारा घाट, अशी तडजोड झाली. घोटीला पेट्रोल भरायचं आणि कॅश काढायची, पुढे मोबाइलला रेंज येते-जाते त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर राहायचं नाही. शेंडीच्या पुढे अभयारण्य लागतं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, नाक्यावर पावती फाडायची. आणि हो, ड्रोन घरी ठेवायचा. दादाने मित्राचा आणायचा बेत केला होता, मी म्हटलं अभयारण्यात तो उडवायला गेलास तर मी तुला ओळखत नाही.

पहिल्या संध्याकाळी बाकी काही नाही, शेंडीजवळ पाण्याकाठी थांबायचं, सूर्य पश्चिमेला डोंगरांमागे जाताना बघायचा. धरण बघायचं असेल तर तेही तिथेच, विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालं, दगडी बांधकाम, प्रवरा नदीवर. त्याच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल पाणी सोडलेलं असेल तरच चालतो, नाहीतर नुसता ओला कातळ. दादाच्या शीटमध्ये त्याला वीस मिनिटं होती, मी शून्य केली, चालू असला तर बघू.

शनिवारी सकाळी पाण्याकाठचे फोटो झाले की मंदिर. अमृतेश्वराचं देऊळ मी आधी दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा चुकीच्या वेळी, भर दुपारी, तेव्हा कोरीव काम सपाट कागदासारखं दिसलं होतं. दगडातली नक्षी दिसायला ऊन तिरपं पाहिजे, बाजूने घासून जाणारं, मग प्रत्येक कोरलेल्या फुलाला आपली सावली मिळते. मंदिर शिलाहारांच्या काळातलं, झंझ राजाने बांधलं असं सांगतात. त्याच्या जवळची पुष्करिणी मला जास्त आवडते, चौकोनी कुंड, चारी बाजूंना मिळून बारा कोनाडे, पाणी काळंभोर आणि स्थिर. मागच्या वेळी तिथे मी मोबाइल जरा खाली, पाण्याच्या जवळ धरला आणि कोनाडा आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक पूर्ण गोल झाला, आत एक सुकलेलं पान तरंगत होतं. इतका वेळ मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होते आणि आवडता फोटो निघाला मोबाइलने. पायऱ्यांवर शेवाळं असतं, आईला वरूनच दाखवायचं.

चालण्याबद्दल. "सोपा ट्रेक" हा शब्द आपल्याकडे फार फसवा आहे, जो सांगतो त्याच्या गुडघ्यांवर अवलंबून. कळसूबाई सोपी असं शंभर जणांनी सांगितलंय, शिड्या आहेत, रेलिंग आहे, सगळं खरं, पण १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे ते, चढून उतरेपर्यंत पायांचे तुकडे होतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, आमच्या पाचांना या वेळी नाही. बारीला पायथ्याजवळ कळसूआईचं देऊळ आहे, आईला तिथे ओटी भरायची आहे, परतीच्या वाटेवर तेवढं करणार.

आमच्यासाठी मी तीनच चाली ठेवल्यात. पहिली, रतनवाडीहून रतनगडाची वाट, पण अर्धीच. गडाची वाट सुरुवातीला प्रवरेच्या काठाकाठाने जाते, ओढा कधी डावीकडे कधी उजवीकडे, झाडी दाट, जवळपास सपाट. खरा चढ आणि शिड्या पुढे. चढ सुरू झाला की मागे फिरायचं, गडावर गेलो नाही म्हणून कोणी दंड लावत नाही. ही रविवारी सकाळची चाल. तिथे ओढ्याचं पाणी दगडांवरून वाहताना लोक दहा-दहा सेकंदांचं एक्स्पोजर देतात, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्यात उजेड येऊ देतात, आणि पाण्याचं कापूस पिंजल्यासारखं करून टाकतात. मला ते आवडत नाही. पाव सेकंद, फार तर अर्धा सेकंद द्यावा, पाण्याला रेषा मिळतात आणि ते पाणीच राहतं. पोलरायझर फिल्टर असेल तर लावून हळूहळू फिरवायचा, एका जागी ओल्या पानांवरची पांढरी चकाकी गपकन जाते आणि खालचा हिरवा वर येतो. मनूला मी हे व्ह्यूफाइंडरमधून दाखवणार आहे, मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडले होते.

दुसरी, साम्रद गावातून सांदण दरीच्या तोंडापर्यंत. अख्खी दरी उतरणं हा वेगळाच मामला आहे, त्याला दोर आणि माणसं लागतात, आणि पावसाळ्यात तर तिचं नावच काढायचं नाही. पण तोंडाशी पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं आणि दोन उभ्या भिंतींमधली ती चीर बघूनच पोट भरतं. पावसानंतर आत पाणी साठलेलं असतं, आम्ही पाण्यात उतरणार नाही, हे दादाला लेखी दिलंय. गावातला एक जण सोबत घ्यायचा, वाट चुकते म्हणून नाही, तर त्याला कोणता दगड हलतो ते माहीत असतं. फोटोसाठी जागा अवघड, वर आकाशाची पट्टी लख्ख आणि खाली काळोख. तेव्हा वरच्या उजेडावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करायचं, खालचा काळोख काळोखच राहू द्यायचा. सगळं दाखवायच्या नादात फोटो मेतकूट-भातासारखा होतो.

तिसरी म्हणजे घाटघरचा कोकणकडा, तिला चाल म्हणणंसुद्धा जास्तच, गाडी जवळपास जाते. तिथे शनिवारचा सूर्यास्त. कड्यावरून खाली थेट कोकण दिसतं, शहापूर तालुक्याच्या बाजूला, आणि एका अंगाला अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले. साडेतीनला निघून चारला साम्रद, पाचपर्यंत सांदणचं तोंड बघून परत, साडेपाचच्या आत घाटघर. इथे मनूसाठी एक गंमत ठेवलीय. घाटघरला वीज प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा, त्यात एक धरण वर आणि एक खाली कोकणाच्या अंगाला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी वरून सोडून वीज करतात. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पाण्याचा पॉवरबँक?" हो बाई, अगदी तोच.

परतताना अंधार पडेल. धरणाला वळसा घालणारा हा रस्ता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे आणि रात्री त्यावर गुरं निवांत बसलेली असतात, तेव्हा वेग तीसच्या वर नाही, हे मी शीटमध्ये लाल रंगात टाकलंय. मधे एखादी मोकळी जागा बघून दादाचा आकाशगंगेचा तास.

सामान फार नाही. ट्रायपॉड एकच, दोघांनी वाटून वापरायचा (यावरून एक भांडण मी आत्ताच बुक केलंय). स्वेटर, टॉर्च, बॅटऱ्या रात्री उशाशी. आणि गाडीत एसी लावून आलात तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, लेन्सवर असं धुकं बसतं की पंधरा मिनिटं काही दिसत नाही, मी एका सूर्यास्ताची अख्खी पंधरा मिनिटं ओढणीने काच पुसण्यात घालवलीयेत आणि पुसायचं नसतंच ते, पुसलं की आणखी बसतं. पोचायच्या आधी काचा खाली करायच्या. मनूला माझा जुना डिजिटल कॅमेरा देणार, नियम एकच, दिवसाला ३६ फोटो, रोलच्या काळासारखे, डिलीट करायचे नाहीत. तिने ४० वर तोडायचा प्रयत्न केला, मी नाही मानले.

एक पाकीटपण घेतलंय. मागच्या वेळी रतनवाडीत एक आजी भात वाळवत बसल्या होत्या, मी विचारलं फोटो काढू का, त्या म्हणाल्या काढ पण मला कुठं दिसणारे, तुम्ही सगळे न्हेता आणि जाता. त्यांचा तो फोटो पाच बाय सातचा छापून घेतलाय. आजी भेटतात का बघू. त्या भागातल्या बायकांकडे बघायची माझी नजर तेव्हापासून जरा बदललीय, त्यात याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपलं म्हणून ज्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण ज्याचा "लँडस्केप" म्हणून फोटो काढतो ते कुणाचं तरी शेत असतं, बांधावरून चालायचं, भातात पाय टाकायचा नाही. दादाला हे दोनदा सांगितलंय कारण तो फ्रेमसाठी मागे मागे जातो आणि मागे काय आहे ते बघत नाही, एकदा असाच गटारात गेला होता, लग्नात, सूट घालून.

तर चौदा पॉइंटचे आता पाच झालेत. रंधा धबधबा गेला, कारण तो शेंडीच्या दुसऱ्या अंगाला आहे आणि त्यापायी रविवारची दुपार गाडीत गेली असती. दादा दोन दिवस फुगला होता. काल रात्री त्याने नवीन शीट टाकली, "भंडारदरा फायनल फायनल ३". उघडली तर शनिवारसमोर हिरव्या रंगात एक मोठा चौकोन, बारा ते साडेतीन, आत लिहिलंय "काही नाही". आणि रिमार्क्समध्ये, "आईला विचारून केलं".

पाच मिनिटांनी आईचा रिप्लाय आला. ग्रुपवर, आयुष्यात पहिल्यांदा. "काही नाही मध्ये चहा धर."